स्वीपिंग मॅग्नेट चालू केला की बॅकग्राउंड वाढतं : केर झाडला, पण टाकला कुठे?

तक्रार नेहमी एकाच सुरात येते. "स्वीपिंग मॅग्नेट बंद असतो तेव्हा डिटेक्टरवरची बॅकग्राउंडची, म्हणजे नको असलेल्या कणांची, मोजणी बरी असते. चालू केला की वाढते. करंट चढवून पाहिला, तर आणखी वाढली. मॅग्नेट चुकीचा बनलाय का?"

हा प्रश्न मला आतापर्यंत तीन वेगवेगळ्या गटांतल्या मुलामुलींनी विचारलाय. त्याआधी एका प्रयोगशाळेत रात्रपाळीला बसून मी तो स्वतःलाच विचारला होता. उत्तर दर वेळी जवळपास तेच निघतं, आणि दर वेळी ते सापडायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. फोटॉन बीम तयार करायचा तर वेगवान इलेक्ट्रॉन एखाद्या पातळ पत्र्यातून सोडतात. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबच्या हॉल डी मध्ये १२ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन हिऱ्याच्या अतिपातळ चकतीतून जातात. फोटॉनला ऊर्जा देऊन बसलेले इलेक्ट्रॉन सुमारे १.५ टेस्लाचा, सहा मीटरहून लांब टॅगर मॅग्नेट बाजूला वळवतो. फोटॉनला विद्युतभारच नाही, त्यामुळे तो मॅग्नेटला जुमानत नाही. सरळ पुढे ७५ मीटर जातो आणि जेमतेम ३.४ किंवा ५ मिलिमीटर भोकाच्या कॉलिमेटरमधून (कडेचा बीम अडवणाऱ्या ठोकळ्यातून) प्रयोगाच्या दालनात शिरतो. जर्मनीत माइन्झ आणि बॉनलाही अशाच धर्तीच्या, पण लहान ऊर्जेच्या लाइन आहेत.

अडचण त्या भोकाच्या काठावर आहे. जे फोटॉन भोकात न शिरता काठावर आदळतात, ते इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार करतात आणि त्या जोड्या फोटॉनच्या सोबतीनं पुढे निघतात. हा केर. तो झाडायला कॉलिमेटरमागोमाग एक साधा डायपोल (दोन ध्रुवांचा) मॅग्नेट लावतात, तोच स्वीपिंग मॅग्नेट. कागदावर याच्याइतका निरुपद्रवी मॅग्नेट दुसरा नाही. फील्ड एकसारखं नसलं तरी चालतं, करंट अर्धा टक्का हलला तरी कुणाला कळत नाही. म्हणूनच तो गटातल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतो. माझ्याही पडला होता.

आमच्या लाइनचे आकडे हॉल डी पेक्षा बरेच लहान होते. खाली ते गोळाबेरीज करून देतोय, म्हणजे हिशोब तुमचा तुम्हाला करता येईल. इलेक्ट्रॉन बीम ३.५ जीईव्हीचा. स्वीपरचं लोखंड ३० सेंटिमीटर लांब, पोलमधली गॅप ५० मिलिमीटर, २०० अॅम्पिअरला मधोमध फील्ड ०.५ टेस्ला. मॅग्नेटच्या आत चपटा चेंबर, आणि बाहेर पडल्यावर १०० मिलिमीटर आतल्या व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा गोल पाईप. मॅग्नेटच्या मध्यापासून साडेचार मीटरवर डिटेक्टर, त्याला मधोमध बीमसाठी भोक.

आधी फुटकळ शंका काढून टाका

खऱ्या कारणाकडे जाण्याआधी अर्ध्या तासाच्या काही तपासण्या करून घ्या, नाहीतर पुढे हसं होतं.

दोन्ही कॉइल एकाच दिशेनं जोडल्या आहेत का? एक उलटी जोडली गेली असेल तर पॉवर सप्लाय इमानदारीत २०० अॅम्पिअर दाखवतो, व्होल्टेजही बरोबर दिसतं, आणि गॅपच्या मधोमध फील्ड जवळपास शून्य असतं. हॉल प्रोब (फील्ड मोजायची कांडी) आत घालता येत नसेल तर अगदी कमी करंटवर दोन्ही पोलच्या बाजूनं साधं होकायंत्र फिरवा. माझ्या माहितीत एक मॅग्नेट असाच दोन महिने 'चालू' होता.

मग प्रत्येक कॉइलवरचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. दोन्ही सारख्या गुंडाळलेल्या असताना एकीवर कमी पडत असेल, तर आत कुठेतरी वेढे एकमेकांना चिकटलेत.

मॅग्नेट अधूनमधून तापून ट्रिप होत असेल तर पाणी बघा. हिशोब सोपा आहे : पाण्याचं तापमान किती अंशांनी चढेल ते काढायला किलोवॅटला १४.३ नं गुणा आणि मिनिटाला किती लिटर पाणी वाहतं त्यानं भागा. ८ किलोवॅटला ६ लिटर असेल तर १९ अंश. यातली मेख अशी की, पोकळ तांब्याच्या कॉइलमध्ये पाण्याच्या वाटा समांतर असतात. एक वाट गाळानं तुंबली तरी मुख्य पाइपवरचा फ्लोमीटर 'सगळं ठीक' म्हणत राहतो. त्यामुळे प्रत्येक वाटेच्या तोंडाशी हात लावून बघा, तुंबलेल्या वाटेचं बाहेर येणारं पाणी जास्त गरम लागतं.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी तक्रार कायम असेल, तर खरं कारण बहुतेक मॅग्नेटमध्ये नाहीच.

'बंद' म्हणजे शून्य नव्हे

चालू-बंदची तुलना करताना एक चूक सर्रास होते. करंट शून्य केला म्हणजे फील्ड शून्य झालं असं धरतात. लोखंडाला आठवण असते. चांगल्या कमी-कार्बन स्टीलची कोअर्सिव्हिटी (उरलेलं चुंबकत्व पुसायला लागणारं उलटं फील्ड) मीटरला ८० अॅम्पिअरच्या आसपास धरली, लोखंडातला मार्ग दीड मीटर आणि गॅप ५० मिलिमीटर, तर करंट बंद केल्यावरही गॅपमध्ये सुमारे ३ मिलिटेस्ला, म्हणजे ३० गॉस उरतात. ३ जीईव्हीच्या कणाला याची फिकीर नाही, पण ३० एमईव्हीच्या (म्हणजे ०.०३ जीईव्हीच्या) इलेक्ट्रॉनला ते दहा मिलिरेडियन, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त, वळवायला पुरतं. कमी ऊर्जेचे कण ज्या डिटेक्टरला दिसतात, तिथं तुमचं 'बंद' मोजमाप अशुद्ध आहे.

उपाय : करंट उलटसुलट करत, दर वेळी थोडा कमी करत शून्यावर आणा. सप्लाय एकाच दिशेचा असेल तर उलटा जोडणारा स्विच बसवून घ्या. तो पुढेही लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट

भारित कण किती वळेल हे मॅग्नेटच्या मधल्या टेस्लावर ठरत नाही, संपूर्ण वाटेवरच्या फील्डच्या बेरजेवर ठरतं. मिलिरेडियनमध्ये कोन काढायचा तर टेस्ला-मीटरला ३०० नं गुणायचं आणि संवेगाच्या जीईव्हीनं भागायचं. आमच्या मॅग्नेटचं फील्ड लोखंडाच्या बाहेरही थोडं सांडतं, त्यामुळे परिणामी लांबी लोखंडापेक्षा साधारण एका गॅपइतकी जास्त, म्हणजे ३५ सेंटिमीटर. बेरीज ०.१७५ टेस्ला-मीटर. ३ जीईव्हीचा इलेक्ट्रॉन साडेसतरा मिलिरेडियन वळतो.

आमच्या डिझाइनच्या वहीत हिशोब इथंच थांबला होता. "साडेचार मीटरवर हा कण सुमारे ८ सेंटिमीटर बाजूला जाईल, बीम ५ मिलिमीटरचा, काम झालं." खाली सहीसुद्धा होती.

पण तो कण साडेचार मीटरवर पोचतच नाही. पाईपची त्रिज्या ५ सेंटिमीटर. साडेसतरा मिलिरेडियनच्या कोनात तो २.९ मीटरवर पाईपच्या भिंतीला लागतो, आणि लागतो तो समोरासमोर नाही, घासत. २ मिलिमीटरचा पत्रा इतक्या तिरक्या कोनात कापायचा म्हणजे स्टीलमधून ११ सेंटिमीटरपेक्षा जास्त प्रवास. स्टीलची विकिरण लांबी (जितक्या जाडीत वेगवान इलेक्ट्रॉन आपली बरीचशी ऊर्जा गमावतो ती) पावणेदोन सेंटिमीटर. म्हणजे तुमचा 'पातळ' पाईप त्या कणाला साडेसहा विकिरण लांबीचा ठोकळा दिसतो. आत शॉवर, म्हणजे एका कणातून अनेक कण फुटण्याची साखळी, पूर्ण फुलतो आणि त्याचा फवारा पुढे, डिटेक्टरच्या दिशेनं जातो.

मॅग्नेट बंद असताना काय होत होतं? तोच कण फोटॉनच्या सोबतीनं पाईपच्या मधून सरळ जाऊन डिटेक्टरच्या भोकातून निघून जात होता. कुणाला दिसतच नव्हता. मॅग्नेटनं तो भोकातून काढून भिंतीवर आपटला, एका कणाचे शंभर केले आणि डिटेक्टरच्या तोंडावर उधळले. आजी म्हणायची तसं, केर झाडून दारामागे लोटला आणि वरून पंखा लावला.

करंट चढवल्यावर वाढतं का, तेही यातूनच कळतं. १०० अॅम्पिअरला वळण निम्मं. ३ जीईव्हीचा कण तेव्हा साडेचार मीटरवर फक्त ४ सेंटिमीटर बाजूला असतो, म्हणजे भिंतीला न लागता निघून जातो. करंट चढवाल तसे अधिकाधिक ऊर्जेचे कण भिंतीच्या तावडीत येतात. ३.५ जीईव्हीचेसुद्धा लागायला लागले (आमच्याकडे साधारण १५० अॅम्पिअरला) की आलेख सपाट होतो. हा आकार लक्षात ठेवा : शून्यापासून चढत जाणारी आणि मग सपाट होणारी रेषा. मॅग्नेट दुबळा असता तर रेषा सतत उतरती राहिली असती.

खात्री कशी करायची

करंट २० अॅम्पिअरच्या पायऱ्यांनी चढवत मोजणीचा आलेख काढा आणि वरचा आकार येतो का बघा. मग डिटेक्टरवरचा नकाशा बघा. आमच्या मॅग्नेटचं फील्ड उभं होतं, त्यामुळे कण आडवे झाडले जात होते आणि नकाशावर भोकाच्या दोन्ही बाजूंना आडवा पट्टा होता, एका बाजूला इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला पॉझिट्रॉन. पट्टा नसेल आणि भोकाभोवती सगळीकडे सारखं वर्तुळ असेल, तर तुमचा आजार वेगळा आहे. कॉलिमेटर सरकलाय किंवा फोटॉन बीमच रुंद आहे, आणि मॅग्नेट कितीही बदलला तरी उपयोग नाही.

मग ध्रुव उलटा करा. दोन बाजूंमध्ये थोडा जरी फरक असेल तरी तो बाजू बदलतो. आमचा बदलला. शेवटी, आणि हा प्रयोग फुकटातला आहे, पाईपच्या संशयित जागी बाहेरून थर्मोल्युमिनेसन्ट डोसमीटरच्या (किरणोत्सर्गाचा डोस नोंदवणाऱ्या) चकत्या चिकटवून एक आठवडा ठेवा. आम्ही दर २० सेंटिमीटरला एक अशा लावल्या. सगळ्यात जास्त डोस अडीच ते सव्वातीन मीटरच्या टापूत निघाला, नेमक्या दोन विरुद्ध बाजूंना. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

जिआंट-४ (कणांच्या प्रवासाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) मध्ये हे आधी दिसलं नसतं का? दिसलं असतं. पण आमच्या सिम्युलेशनमध्ये मॅग्नेट आणि डिटेक्टर यांच्यामध्ये निर्वात पोकळी होती. पाईप 'नंतर घालू' म्हणून राहिला होता.

दुरुस्ती

पहिला मोह मॅग्नेट बदलण्याचा होतो. करू नका. करंट दुप्पट केला तर घासण्याची जागा दीड मीटरवर येईल, कोन दुप्पट होईल, स्टीलमधला प्रवास निम्मा होईल, पण शॉवर होणारच. शिवाय ०.५ टेस्लासाठी ५० मिलिमीटर गॅपला २०,००० अॅम्पिअर-वेढे लागतात (आमच्या दोन कॉइलवर प्रत्येकी ५० वेढे, २०० अॅम्पिअर). ते दुप्पट करायचे तर तांब्यातली उष्णता चौपट. पाण्याचं आधीच रडगाणं असेल तर विसराच.

बदलायचा आहे तो मॅग्नेटनंतरचा रस्ता. आम्ही गोल पाईप काढून साडेतीन मीटर लांबीचा, ३० सेंटिमीटर रुंद, ३ मिलिमीटर अॅल्युमिनियमचा चपटा चेंबर बसवला, आत पसरट पट्ट्यांचा आधार देऊन, कारण निर्वात केल्यावर चपटे पत्रे बाहेरच्या हवेच्या दाबानं आत बसतात. (पहिल्या चाचणीत बसला. आवाज ऐकून शेजारच्या दालनातले लोक धावत आले.) चेंबरच्या शेवटच्या फ्लँजला (जोडाच्या चकतीला) मधोमध फक्त ४० मिलिमीटर व्यासाची नळी, आणि फ्लँजला चिकटून १५ सेंटिमीटर जाड शिशाची भिंत, तिलाही तेवढंच भोक.

आता हिशोब बघा. साडेतीन मीटरवर ३.५ जीईव्हीचा कणसुद्धा ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त बाजूला असतो. नळीची त्रिज्या २ सेंटिमीटर. म्हणजे सगळ्यात ताठ कणसुद्धा भोकापासून तीन सेंटिमीटर दूर, फ्लँजवर समोरासमोर आदळतो आणि लगेच मागे शिसं. शिशाची विकिरण लांबी अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जास्त, त्यामुळे १५ सेंटिमीटर म्हणजे २५ च्या वर विकिरण लांब्या. तिथं केर खरोखर सुपलीत भरला जातो. सव्वा जीईव्हीच्या खालचे कण चेंबरच्या बाजूच्या भिंतीला लागतात, पण ४० मिलिरेडियनहून मोठ्या कोनात, आणि अॅल्युमिनियमची विकिरण लांबी जवळपास ९ सेंटिमीटर असल्यामुळे त्यांना भिंत जाणवते एका विकिरण लांबीपेक्षा कमी. त्यातून जे निसटतं तेही शिशाच्या भिंतीच्या सावलीत राहतं, म्हणून भिंत चेंबरपेक्षा दोन्ही बाजूंनी ऐसपैस रुंद ठेवा.

नवीन लाइन आखत असाल तर आणखी स्वस्त मार्ग आहे. मॅग्नेट नव्वद अंशांत फिरवा आणि केर आडवा झाडण्याऐवजी उभा झाडा. बहुतेक डिटेक्टरना आडव्या पातळीत जास्त काम असतं. जमिनीकडे गेलेल्या निम्म्या कणांची काळजी काँक्रीट घेतं, छताकडच्या निम्म्यांसाठी मात्र वर काही अडकवावं लागतं. आमच्या स्टँडचं डिझाइन आधीच झालं होतं, ते बदलायला कुणी तयार झालं नाही.

कायम चुंबकाचा स्वीपर हा मला व्यक्तिशः आवडणारा पर्याय. वीज नको, पाणी नको, मध्यरात्री ट्रिप नाही. निओडिमियमचे ठोकळे किरणोत्सर्गात हळूहळू फील्ड गमावतात आणि तापमानाच्या दर अंशाला ०.१ टक्क्याच्या आसपास घटतात. स्वीपरला तापमानाची घट पचते, किरणोत्सर्गाची मात्र विचारपूर्वक बघा. कॉलिमेटरला चिकटून बसवायचा असेल तर सॅमेरियम-कोबाल्ट घ्या, महाग पडलं तरी. एकच तोटा : वरच्या तपासण्यांतली चालू-बंद आणि उलट-सुलट ही दोन्ही हत्यारं तुमच्याकडे उरत नाहीत.

मोजमापाबद्दल एक गोष्ट, कारण ती परत परत चुकते

मॅग्नेट तयार झाला की कारखान्यातून कागद येतो : 'मध्यावर ०.५०२ टेस्ला.' एवढ्यावर स्वीकारू नका. बीमच्या रेषेवर हॉल प्रोब ५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी चालवा, दोन्ही टोकांना लोखंडाच्या बाहेर किमान तीन-चार गॅपइतकं पुढे जा, आणि बेरीज करा. आमच्याकडे मधलं फील्ड अचूक होतं, बेरीज मात्र कमी निघाली. शोधल्यावर कळलं की शेजारच्या फोटोमल्टिप्लायर (अंधुक प्रकाश मोजणाऱ्या) नळ्यांना बाहेर सांडणारं फील्ड सहन होत नव्हतं (त्यांना दोन-चार गॉससुद्धा जड जातात), म्हणून कुणीतरी मॅग्नेटच्या दोन्ही तोंडांना लोखंडी पट्ट्या लावल्या होत्या. पट्ट्यांनी सांडणारं फील्ड गिळलं, म्हणजेच परिणामी लांबी गिळली. पट्ट्या लावणं चूक नव्हतं. नंतर परत न मोजणं चूक होतं. शिशाच्या विटा ठेवायचं टेबलही बघा, ते साध्या स्टीलचं असेल आणि मॅग्नेटच्या एकाच बाजूला असेल तर तेही आपला वाटा घेतं.

एवढं केल्यावर काय उरलं

आडवा पट्टा गेला. करंट-मोजणीचा आलेख आता हवा तसा उतरता आला, १२० अॅम्पिअरच्या पुढे सपाट. पण भोकाभोवती एक फिकट वर्तुळ राहिलं, जे मॅग्नेट चालू-बंद केल्यानं हलत नव्हतं. ते मॅग्नेट ओलांडल्यानंतर तयार होणाऱ्या जोड्यांचं होतं, त्यांना झाडायला तिथं कुणीच नव्हतं.

आमची शंका आधी निर्वाताच्या खिडकीवर गेली, ७५ मायक्रॉन कॅप्टॉनचा (एका प्लास्टिकचा) पडदा. आम्ही तो आणखी पातळ करायचा विचार करत होतो. मग कुणीतरी फळ्यावर आकडे मांडले. तो पडदा विकिरण लांबीच्या ०.०३ टक्क्यांपेक्षाही कमी. खिडकी आणि टार्गेट यांच्यामध्ये मोकळी हवा होती एक मीटर, आणि हवेची विकिरण लांबी सुमारे ३०० मीटर, म्हणजे ती एकटी ०.३३ टक्के. पडद्याच्या बारापट. सेकंदाला दोन कोटी फोटॉन धरले तर त्या एका मीटर हवेत सेकंदाला पन्नास हजारांच्या वर जोड्या.

खिडकी आहे तशीच ठेवली. त्या एका मीटरमध्ये पातळ प्लास्टिकची पिशवी टांगून ती हेलियमनं भरली. हेलियमची विकिरण लांबी साडेपाच किलोमीटरच्या वर आहे. पिशवी गळते, दर दोन दिवसांनी भरावी लागते, आणि शिफ्टच्या वहीत आता त्याची एक वेगळी ओळ आहे.